बंद ठेवलेला माइक

"काकी, फेकून द्या तो डबा." गेल्या वैशाखात हे वाक्य मी दहा दिवसांत इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी शेवटी कुणी तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, "नाय फेकनार. पुढं बोल." डबा म्हणजे आमचा सीडी प्लेअर. काळा, रुंद, वजनाला पाट्यासारखा. आमचे मालक माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या हॉटेलवाल्यानं हॉलमधलं सामान बदललं, तेव्हा हा प्लेअर त्यांना फुकट मिळाला. वर गाडी चालत नाही, घोड्यावर घातला तर हिसके बसतील, म्हणून यांनी तो चादरीत बांधून डोक्यावरून गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत चालत आणला. मान आठ दिवस आखडली होती. अशी वस्तू कुणी फेकतं होय?

आणि मला सांगणारे कोण, तर ज्यांना घरातला फ्यूज गेला की मला हाक मारावी लागते ते! मी खोपोलीला एका कारखान्यात चौदा वर्षं सोल्डरिंग केलंय. स्टॅबिलायझरचे बोर्ड. दिवसाला किती सांधे मारले ते विचारू नका, बोटांच्या टोकांना अजून कथलाचे डाग आहेत. पण बाईच्या हातात गरम इस्त्री दिसली तर ती कपड्यांचीच असणार, असं आमच्या घरातल्या पुरुषांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. जाऊ दे. मूळ गोष्ट वेगळीच आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं. जाऊबाईंचं घर आणि आमचं घर, मधे एकच भिंत. त्यांनी पलीकडे शिंक दिली तरी मला ऐकू येतं. जाऊबाई धवलारीण. आमच्याकडं लग्नाला भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळदीला नवरी पाटावर बसली की धवलारीण एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, हळद कुणी पेरली, कुणी दळली, सगळं गाण्यात सांगते. तेच धवले. आणि ते एकटीनं होत नाहीत. धवलारीण अर्धी ओळ टाकते, शेजारी बसलेली दुसरी बाई ती उचलून पुरी करते. आम्ही त्याला झेलणं म्हणतो. झेलणारी कच्ची असली तर धवलारीण कितीही चांगली असू दे, तोंडघशी पडते.

जाऊबाईंनी इकडं कर्जतपासून तिकडं खालापूरपर्यंत किती लग्नं लावली असतील त्याला मोजदाद नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दहा-बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून झेलायला मी असायचे. मग एक दिवस मी झेलणं सोडलं. का सोडलं ते सांगतेच.

तर लग्न दहा दिवसांवर आलेलं आणि जाऊबाईंचा आवाज गेलेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज फाटला. बोलतात ते समोर बसलेल्याला कळतं, गाणं मात्र होत नाही. दुसरी धवलारीण बोलवायची तर त्यांच्याच घरात, त्यांच्याच नातीच्या हळदीला, त्यांच्या डोळ्यांदेखत! नाव काढायची कुणाची छाती नव्हती. मग घरात सगळे जमले आणि ठरलं की जाऊबाईंची सीडी लावायची. वीसेक वर्षांपूर्वी खोपोलीच्या एका स्टुडिओत त्यांच्या धवल्यांची सीडी काढली होती. वरती त्यांचा एकटीचा फोटो.

हे सगळं ठरत होतं तेव्हा मी तिथंच चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. नवरीची आई, म्हणजे माझी पुतसून, बिचारी भोळी, ती म्हणाली, "पन सीडी कशाला? काकींना येतात ना धवले."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाटक्या आवाजात म्हणाल्या, "तिचा आवाज मशीन पकडत नाय. म्हाईत हाय ना सगल्यांना." आणि मग माझ्याकडं वळून, "तू तो डबा तेवढा चालू कर गं. त्यात तुझा हात बसलाय."

हातातली भाकरी मी तव्यावर इतक्या जोरात टाकली की फाटली. म्हणजे बघा, नवरीच्या हळदीला मी बटण दाबायचं!

'आवाज मशीन पकडत नाय' हे काय प्रकरण आहे ते आता सांगते. त्या सीडीच्या वेळी आम्ही दोघी खोपोलीला गेलो होतो. दुकानाच्या वर एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच. काचेपलीकडं स्टुडिओवाला. जाऊबाईंना मधोमध बसवलं, मला डावीकडं, दोघींना वेगळे माइक. स्टुडिओवाला मला म्हणाला, "बांगड्या काढून ठेवा, आवाज येतो." मी म्हटलं, सवाष्णीनं बांगड्या काढत नसतात, तुमचं मशीन गेलं खड्ड्यात. शेवटी मी दोन्ही मनगटांना हातरुमाल गुंडाळून बसले. जाऊबाईंचा प्रश्न नव्हता. त्या तेव्हाही विधवाच होत्या, त्यांचे हात मोकळे.

दोन धवले झाल्यावर जाऊबाई उठून काचेपलीकडं गेल्या आणि स्टुडिओवाल्याशी काहीतरी बोलल्या. त्यानं मान डोलावली, एक बटण फिरवलं. मला वाटलं, पाणीबिणी मागितलं असेल. बाकीचे धवले झाले, मी जीव ओतून झेलले. परत येताना सहा आसनी रिक्षात, तिऱ्हाईत माणसं बसलेली असताना, जाऊबाई मला म्हणाल्या, "तुझा माइक बंद ठेवला त्यानं. म्हनाला, हिचा आवाज मशीन पकडत नाय." मी विचारलं, "म्हंजे मी सीडीत नायच?" त्या म्हणाल्या, "नाय."

झालं. गावात ही गोष्ट माझ्या आधी पोचली. हळदीला गेलं की बाया हसायच्या, "हिला मशीन पकडत नाय गं!" मी म्हणायचे, मशीनला कान नसतील. पण मनातून मी खचले होते, खोटं कशाला सांगू. मशीन खोटं बोलत नाही असं मला वाटायचं. मी चौदा वर्षं मशीनबरोबर काढली, माणसापेक्षा मशीनवर माझा विश्वास जास्त. सीडी आली ती दोनदा ऐकली. जाऊबाईंचा आवाज आणि त्या स्टुडिओवाल्यानं मागाहून घुसडलेला कीबोर्ड, टुणटुण टुणटुण, दुसरं काही नाही. त्यानंतर मी कुणाच्याच हळदीला तोंड उघडलं नाही. वीस वर्षं. भांडी घासतानासुद्धा नाही.

आणि आता तीच सीडी वाजवण्यासाठी डबा दुरुस्त करायचा, तोही मी!

पुतण्यानं, म्हणजे नवरीच्या बापानं, आधी त्याचा शहाणपणा करून बघितला. सीडी कर्जतला नेली, मोबाइलवर चढवायला. दुकानातल्या कॉम्प्युटरनं ती वाचलीच नाही. चरे पडलेत म्हणे. आमचा डबा मात्र असल्या चरे पडलेल्या सीड्या वाजवायचा, म्हणून गाडं पुन्हा माझ्या दारात.

मी डबा उतरवला. चार वर्षं कपाटावर पडलेला, वर गोधड्या. लावला तर काचेवर अक्षरं आली, सीडी नाही म्हणून. आत घातलेली सीडी याला दिसत नव्हती. झाकणाचे स्क्रू काढले, आतलं इवलंसं भिंग स्पिरिटच्या कापसानं हलकेच पुसलं. मग वाजायला लागला, पण उड्या मारत. देवांना बोलावता बोलावता निम्मे देव गाळून पुढं. ते भिंग ज्या दांडीवरून सरकतं तिच्यावरचं ग्रीस वाळून चिकट झालं होतं. ते पुसलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब दिला. उड्या थांबल्या. दोन दिवस गेले यात, पण मी खूश होते. रागात होते आणि खूशही होते, असं होतं माझं.

तिसऱ्या दिवशी मी दळणाला गेले आणि इकडं पुतसुनेनं पराक्रम केला. लग्नाची तांब्या-पितळेची भांडी उजळायला काढली होती. डब्याच्या मागं वायरी लावायच्या पिवळ्या पिना तिला दिसल्या, काळवंडलेल्या. तिनं त्या चिंच-मिठानं घासल्या! वर पाण्यानं धुतल्या! मी आले तर हसत सांगते, "काकी, बगा, कशा लखलखतायत." मला ब्रह्मांड आठवलं. बोलू काय? नवरीची आई, तिच्या घरात लग्न, तिला रडवायची का? मी म्हटलं, "छान केलंस हो," आणि आत जाऊन उशीवर दोन गुद्दे मारले. पिना पुसल्या, वाळवल्या, खरवडल्या. तरी आवाज एकाच बाजूनं आणि खरखर.

पुतण्या म्हणाला, मेकॅनिककडं नेऊ. नेलं कर्जतला. त्या मेकॅनिकनं डब्याकडं बघितलं, मग पुतण्याकडं बघितलं, आणि पुतण्याला समजावून सांगायला लागला की याचं आतलं डोकं गेलंय, पार्ट मिळत नाही, ठेवून जा, भंगारात वीस-पन्नास सुटतील. मी मधे उभी. मी म्हटलं, "भिंग मी साफ केलंय, दांडी साफ केलीय, आवाजाच्या वाटेत कुठं तरी सांधा ड्राय आहे." तो पुतण्याला विचारतो, "काय म्हणतायत मावशी?"

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "मावशी असं म्हणतायत की डबा उचल रं पुतन्या, या मानसाला सोल्डर कशाशी खातात ते ठाव नाय." आणि आम्ही डबा घेऊन परत आलो. रिक्षात पुतण्या हळूच म्हणाला, "काकी, ब्लूटूथचा मोठा स्पीकर भाड्यानं मिलतो." मी म्हटलं, "त्याच्यात सीडी कुटं खुपसशील, नाकात?"

दुपारी सगळे खरेदीला खोपोलीला गेले. घरात मी, आणि भिंतीपलीकडं जाऊबाई. कारखान्यातलं पहिलं शिक्षण असं, की खरखर कुठं आहे ते कळत नसेल तर सगळ्या वायरी बाजूला काढ आणि थेट मशीनला कान लाव. डब्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक होतं. कधी वापरलं नव्हतं. घरातला जुना मोठा हेडफोन शोधला, पीन खुपसली, सीडी लावली.

कीबोर्ड आला. टुणटुण. ढोलकी आली, पोकळ, रिकाम्या पिंपावर वाजवल्यासारखी. आणि जाऊबाई नाहीत!

म्हटलं, मेले! पुसता पुसता मी जाऊबाईच पुसून टाकल्या. लग्न पाच दिवसांवर, जगात एकच सीडी, आणि तिच्यातून मी धवलारीणच घालवली. लोक काय म्हणतील? म्हणतील, सूड घेतला हिनं.

तेवढ्यात कुणीतरी गायलं. अर्धी ओळ. मग नुसता कीबोर्ड. मग पुन्हा अर्धी ओळ. आवाज कोवळा, थोडा चढा, पण सरळ, कुठं कापत नाही. मला वाटलं, ही कोण? स्टुडिओवाल्यानं मागाहून कुणाला गायला बसवलं की काय? अशी चिडले मी, की त्या बाईच्या झिंज्या धरायला हात शिवशिवले. आणि ओळ संपता संपता किण्ण् असा आवाज झाला. बारीक, दबलेला. हातरुमालाच्या आत दोन बांगड्या एकमेकींना लागल्या की होतो तसा.

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला. पुढच्या धवल्यालाही तेच. ओळ, ओळीच्या शेवटी हात खाली येतो, किण्ण्. मी गाताना हात वर करते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. त्या खोलीत बांगड्या घातलेली बाई एकच होती.

मी होते. मी सीडीत होते! वीस वर्षं मी त्या सीडीत बसून झेलत होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले आणि ढसाढसा रडले. आणि रडून झाल्यावर मला जो राग आला, तो मी कागदावर उतरवूच शकत नाही. मांडवात तोंड मिटून बसले ती हळदीन् हळद आठवली. किती नवऱ्या माझ्या डोळ्यांसमोरून पाटावर बसल्या आणि उठल्या!

पण माझी खोड अशी की रागातही कारण शोधल्याशिवाय चैन नाही. मी दुसरी सीडी लावली, पुतण्याच्या लग्नातली गाण्यांची. त्यातलाही गाणारा गायब, वाजाप तेवढं चालू. म्हणजे सीडीचा दोष नाही, डब्याचा. झाकण काढलं आणि हेडफोनच्या भोकामागं बघितलं. तिथं तीन पाय असतात, बोर्डावर सोल्डर केलेले. एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा, आणि एक दोन्ही कानांचा सामाईक. तो सामाईक पाय ड्राय झाला होता. ड्राय म्हणजे वरून बघाल तर कथील जागच्या जागी, पण आतून केसाएवढी चीर. तो पाय सुटला की काय होतं? दोन्ही कानांत जे सारखं असतं ते एकमेकांना अडवतं. एका दाराला दोघांनी दोन्हीकडून सारखाच जोर लावला तर दार हलत नाही, तसं. मधोमध बसवलेली जाऊबाई दोन्हीकडं सारखी, म्हणून ती गेली. मी डावीकडं, एकाच बाजूला, म्हणून मी उरले. एरवी माझा आवाज इतका हळू ठेवला होता की जाऊबाई आणि त्या टुणटुणीखाली तो कधी ऐकूच आला नाही. पण बंद नव्हता केला.

त्या पायावर मी अंगठा दाबला. जाऊबाईंचा आवाज धो धो आला, भरलेला, त्यांच्या चांगल्या दिवसांतला, आणि मी बुडाले. अंगठा सोडला. जाऊबाई गेल्या, मी वर आले. दाबला, त्या. सोडला, मी. असं मी किती वेळ करत बसले कुणास ठाऊक.

मग मी भिंतीवर थाप मारली. "बाय, इकडं या जरा."

जाऊबाई आल्या. कमरेवर हात. "झाला का गं चालू?"

"बसा. ह्ये कानाला लावा."

त्यांनी पदरावरून हेडफोन चढवला. मी सीडी पहिल्यापासून लावली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मी कुटं हाय?"

"ऐका."

त्या ऐकत होत्या आणि मी त्यांचं तोंड बघत होते. मला त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं, सरळ सांगते. आठी गेली. डोळे मिटले. बांगडी वाजली तेव्हा त्यांच्या पापण्या हलल्या, ते मी बरोबर टिपलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अपेक्षितच नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले. माझी ओळ संपून कीबोर्डाची मोकळी जागा आली की त्या जागेत त्या त्यांची अर्धी ओळ टाकायला लागल्या. आवाज कसला, नुसता वारा. पण बरोबर जागेवर. त्या टाकत होत्या आणि वीस वर्षांपूर्वीची मी हेडफोनात झेलत होते. अख्खा धवला त्यांनी तसा पुरा केला.

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "मशीन नाय म्हनालं. मीच सांगितलेलं त्याला, हिचा बंद ठेव म्हनून. त्यानं व्हय व्हय केलं. मला वाटलं बंदच हाय."

"का?"

"तुझा आवाज माझ्या वर जात व्हता."

मला वाटलं होतं त्या नाकबूल होतील, मग मी भांडेन. कबूल केल्यावर भांडायचं कसं? पण मी भांडले. अहो, सोडते की काय! म्हटलं, "वीस वर्सं, बाय! रिक्षात चार मानसांदेखत सांगितलंत मला. गाव हसलं. मी भांडी घासताना गायचं सोडलं. तुमच्या शेजारी बसून तुमाला पडू दिलं का मी कधी? एकदा तरी? आनि मशीनच्या नावावर घातलंत, मशीनच्या! स्वतःच्या नावावर बोलायचं व्हतं, मी तिथंच तुमचं तोंड फोडलं असतं आनि आठ दिसांनी इसरले असते!"

त्या खाली बघत होत्या. म्हणाल्या, "धवला गेला असता तं माझ्याकडं काय व्हतं गं? तुझा नवरा व्हता, कारखाना व्हता."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला आणखी राग आला. भाऊजी गेले तेव्हा जाऊबाईंची तिशीही उलटली नव्हती. मांडवात जाऊ नको, पुढं येऊ नको म्हणणाऱ्या लोकांच्यात तो एक पाट तेवढा त्यांच्या हक्काचा होता. पण म्हणून माझं तोंड शिवायचं? त्याची भरपाई कोण करणार?

"आता काय, पाय धरू तुझं?" त्या म्हणाल्या.

"पाय नकोत. हलदीला पाटाशी मी बसनार. मी टाकनार."

"आनि मी?"

"तुमी झेला."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. झेलायला बसायचं, त्यांनी, त्या आवाजानं. त्या उठून गेल्या. मी सोल्डरची इस्त्री तापवली आणि तो सामाईक पाय पक्का केला, मागच्या पिनांचे सांधेही. दोन मिनिटांचं काम.

हळदीच्या दिवशी डबा मांडवात आणून ठेवला होता, डबा बिघडला म्हणून मी गातेय अशी कुणाला शंका नको म्हणून, चालू स्थितीत. पुतण्या तर माझ्या नावानं सगळ्यांना सांगत फिरत होता, काकीनं केला, काकीनं केला, जसं काही फेकून द्या म्हणणारा दुसराच कुणी होता. जाऊबाई येतात की नाही याची मला खात्री नव्हती. नवरी पाटावर बसली आणि त्या आल्या, स्वच्छ पांढरं लुगडं नेसून, आणि माझ्या डावीकडं, थोड्या मागं बसल्या. बायांत कुजबुज झाली. मी म्हटलं, कुजबुजा.

पहिली ओळ मी चाचरत टाकली. पण गळा विसरला नव्हता. दुसऱ्या धवल्यापासून मी मोकळी झाले, हात आपोआप वर जायला लागला. मागून जाऊबाई झेलत होत्या. कधी निम्मी ओळ वाऱ्यातच जायची, कधी फाटायची, पण जागा एकही चुकली नाही.

दुसरा धवला संपला आणि शेजारीच माइकची पेटी मांडून बसलेला साउंडवाला वाकून माझ्या कानाशी आला. बाहेरगावचा माणूस, त्याला काय ठाऊक. म्हणाला, "काकी, तुमचा आवाज एक नंबर येतोय. त्या मागच्या आजींचा माइक बंद ठेवतो. खरखर होतेय. त्यांना काय कळणार नाही."

मी लगेच नाही म्हटलं नाही. इतकं सगळं खरं सांगितलं, मग हेही सांगते. त्याचं बोट त्या बटणावर होतं आणि मी त्या बोटाकडं बघत होते. नुसती मान डोलावली असती तरी झालं असतं. तेवढंच तर केलं होतं त्या स्टुडिओवाल्यानं. मी मागं बघितलं. जाऊबाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

मग मात्र माझं डोकं असं फिरलं की पुढ्यातला माइक चालू आहे याचं भान राहिलं नाही, आणि अख्ख्या मांडवानं ऐकलं. "त्या बटनाला हात लावशील तं मनगट मोडून ठेवीन मेल्या! चालू ठेव त्यांचा. चालू ठेव आनि वाढव!"

नवरीनं हळदीच्या तोंडानं मान वर करून बघितलं. साउंडवाला मागं सरला, त्यानं बटण वाढवलं. जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माइक स्वतःच्या हातानं जवळ ओढला.

मी अर्धी ओळ टाकली. त्यांनी झेलली.